भेसळ की मिसळ? वाइनच्या सोवळ्याविषयी

१/ नाशिकच्या वाइनबरोबर गेल्या पंचवीसेक वर्षांत एक नवे सोवळेही आपल्या घरांत शिरले आहे. चार मित्र जमतात, कोणी लाल वाइनच्या पेल्यात संत्र्याची फोड टाकतो, वर थोडा सोडा ओततो. आणि लगेच एखाद्या जाणकाराच्या कपाळाला आठ्या पडतात. "वाइनमध्ये काही मिसळायचे नसते. तो वाइनचा अपमान आहे. युरोपात शतकानुशतकांची परंपरा आहे ही."

२/ पेल्याचा आकार, वाइनचे तापमान, बाटली किती आधी उघडावी, याबाबत या जाणकाराचे म्हणणे मी निमूटपणे ऐकून घेईन. परंतु 'परंपरा' हा शब्द तोंडातून निघाला की तो आपल्या अंगणात आला, इतिहास वाचणाऱ्यांच्या. आणि येथे त्याचे म्हणणे खोटे आहे. वाइनचा ज्ञात इतिहास हा बव्हंशी मिसळण्याचा इतिहास आहे. ती निर्भेळच प्यावी हा दंडक फार उशिराचा; आणि तो रसिकतेतून नव्हे, एका फसवणुकीच्या प्रकरणातून जन्मला. थ्रेड लांब आहे. सवडीने वाचा.

३/ आरंभ ग्रीसपासून. ग्रीकांच्या मद्यगोष्ठीत मध्यभागी रुंद तोंडाचे एक मोठे भांडे असे. त्याचे नाव 'क्रातेर', आणि या शब्दाचा अर्थच मुळी 'मिसळण्याचे भांडे'. त्या दिवशी वाइनमध्ये किती पाणी घालायचे हे गोष्ठीचा प्रमुख ठरवी. हेसिअडने तीन भाग पाण्याला एक भाग वाइन असे प्रमाण सांगितले आहे. 'ओडिसी'मधल्या मारोन नावाच्या पुजाऱ्याच्या वाइनला तर एका मापास वीस मापे पाणी लागे. ही कवीची अतिशयोक्ती म्हणून सोडून द्या. पण पाणी घालणे हे श्रोत्यांना गृहीतच होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

४/ मग निर्भेळ वाइन पिणारा त्यांच्या लेखी कोण? रानटी. हेरोडोटसने स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याच्या वेडाची हकीकत नोंदवली आहे. स्पार्टावासीयांचे म्हणणे असे, की सिथियन दूतांच्या संगतीत राहून राजाला बिनपाण्याची वाइन पिण्याची सवय लागली आणि त्यातच त्याची बुद्धी गेली. पुढे स्पार्टात कडक वाइन हवी असली की 'सिथियन पद्धतीची ओत' असे म्हणू लागले. आज आपल्याकडे जो सुसंस्कृतपणाचा दाखला म्हणून मिरवला जातो, तो ग्रीकांच्या दृष्टीने असंस्कृतपणाचा दाखला होता.

५/ याहून बोलका पुरावा भाषेत आहे. वाइनला जुना ग्रीक शब्द 'ओइनोस'. आजच्या ग्रीसमध्ये रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र 'क्रासी'. हा आला 'क्रासिस'वरून, म्हणजे 'मिश्रण' या शब्दावरून. मिसळणे इतके नित्याचे होते, की मिश्रणाचेच नाव मूळ पदार्थाला चिकटले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मासालिया म्हणजे आजचे मार्सेय वसवणारे आणि तेथे द्राक्षसंस्कृती नेणारे हेच ग्रीक. युरोपची परंपरा म्हणतात ती येथून सुरू होते.

६/ यावर ठरलेले उत्तर येते : "त्या काळची वाइन फार जहाल होती, म्हणून पाणी घालावे लागे." हेही तपासून पाहा. आंबवण्याच्या क्रियेत मद्यार्क साधारण पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास पोहोचला की किण्व त्यातच मरते. उर्ध्वपातनाशिवाय त्यापलीकडे जाता येत नाही, आणि ग्रीक लोक वाइनचे उर्ध्वपातन करीत नव्हते. त्यांची वाइन आजच्या कडक वाइनइतकीच कडक असू शके. ते पाणी घालत, कारण त्यांना रात्रभर बोलत बसायचे असे.

७/ "पण ते नुसते पाणीच की!" नाही. 'इलियड'च्या अकराव्या सर्गात वृद्ध नेस्टरसाठी हेकामिडी जे पेय तयार करते, त्यात प्राम्नियन वाइन आहे, ब्राँझच्या किसणीवर किसलेले बकरीच्या दुधाचे चीज आहे आणि वर भुरभुरवलेले जवाचे पांढरे पीठ आहे. वाइनमध्ये चीज! आपल्या जाणकाराने संत्र्याच्या फोडीवर नाक मुरडण्यापूर्वी हा सर्ग वाचावा.

८/ रोमन लोक तर मिसळण्याच्या बाबतीत सुगरणच होते. मध घातलेली वाइन, 'मुलसुम', जेवणाच्या आरंभी देत. मोठ्या केटोने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात समुद्राचे पाणी घालून कोस बेटाच्या धर्तीची वाइन कशी करावी हे सांगितले आहे. आणि अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथाची पहिलीच कृती मसालेदार वाइनची आहे : पंधरा पौंड मध थोड्या वाइनबरोबर मंद आचेवर चढवायचा, फेस काढायचा, मग मिरी, मस्तकी डिंक, केशर, तमालपत्र, भाजलेल्या खजुराच्या बिया आणि वाइनमध्ये भिजवलेला खजूर, शेवटी आणखी भरपूर सौम्य वाइन ओतायची.

९/ यातली मिरी आणि तमालपत्र कोठले, हे या थ्रेडच्या वाचकांना सांगायला नको. दक्षिणेतल्या मुझिरिससारख्या बंदरांतून मिरी भरलेली जहाजे तांबड्या समुद्राकडे जात. उलट दिशेने काय येई? 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या आयातीची यादी आहे आणि त्यात वाइन आहे : इटलीची विशेष पसंतीची, शिवाय लाओडिसियाची आणि अरबस्तानची. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांनी भडोचला उतरणाऱ्या मालाचेही वर्णन आहे. आपली मिरी तिकडच्या वाइनमध्ये पडत होती आणि तिकडची वाइन आपल्या वाटेवर उतरत होती. या देवाणघेवाणीत कोणाचे पावित्र्य भंगल्याची नोंद नाही.

१०/ आपल्या घरचेही पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि कापिशायन, हारहूरक अशी त्याची प्रदेशांवरून पडलेली नावे दिली आहेत. म्हणजे प्रदेशावरून वाइन ओळखण्याची रीत बोर्दोने शोधून काढलेली नाही. त्याच प्रकरणात 'मैरेय' आहे : मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरी, त्रिफळा. आणि शार्ङ्गधरसंहितेतल्या द्राक्षारिष्टाचे भावंड, द्राक्षासव, आजही औषधांच्या दुकानात मिळते. द्राक्षे आंबवून त्यात दालचिनी, वेलची, पिंपळी. मात्रा कशी घेतात? समभाग पाण्यातून. म्हणजे वाइनमध्ये मसाला आणि वर पाणी, हा क्रातेरचा विधी आपल्या कित्येक आजींनी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून बाटली काढून जेवणानंतर पार पाडलेला आहे.

११/ मोगल दरबारातला दाखला जरा गंभीर आहे. जहांगीरने आपल्या आठवणींत कबूल केले आहे, की एके काळी तो दिवसाला दोनदा उतरवलेल्या कडक मद्याचे वीस पेले पीत असे, चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. हात इतका थरथरे, की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने सांगितले, असेच चालले तर सहा महिन्यांत सगळे आटोपेल. तेव्हा त्याने मद्यात द्राक्षांची वाइन मिसळायला सांगितली, दोन भाग वाइन, एक भाग कडक मद्य, आणि पेल्यांची संख्या हळूहळू उतरवत नेली. या घराण्याला हा धडा महागात मिळाला होता : त्याचे दोघे भाऊ, दख्खनेत मुराद आणि बुऱ्हाणपुरात दानियाल, दारूनेच गेले. हे मी कौतुकाने लिहीत नाही. मिसळणे म्हणजे उधळेपणा आणि निर्भेळ पिणे म्हणजे संयम, ही समजूत किती पोकळ आहे, एवढेच यातून दिसते.

१२/ मुंबईचा एक दाखला मोहात पाडतो, म्हणून देतो. तो वाइनचा नाही, हे आधीच सांगतो. १६९४ सालच्या मुंबई सरकारच्या आदेशात असे आहे, की खाणावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाने गोव्याची चांगली आरक, अर्धा पौंड साखर आणि लिंबाचे पाणी मागून घ्यावे आणि आपला पंच आपणच करावा. आपले आपण मिसळणे सरकारी कागदावर! या 'पंच'चा संबंध आपल्या 'पाच'शी जॉन फ्रायरने १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात जोडला. तो ऐकायला गोड वाटतो, पण जुन्या कृतींत घटक नेहमी पाचच नसतात आणि शब्दाच्या इतर व्युत्पत्त्याही मांडल्या गेल्या आहेत. तेव्हा अभिमानाच्या भरात हा निरोप पुढे धाडण्यापूर्वी थोडे थांबा.

१३/ आता जाणकारांच्या प्रत्यक्ष पंढरीत, बोर्दोत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज गिऱ्हाइकासाठी बोर्दोच्या नामांकित वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली हर्मिताज ही दणकट वाइन मिसळत. यासाठी स्वतंत्र क्रियापद होते, आणि तशी तयार केलेली वाइन चढ्या भावाने जाई. लाफितसारखे घराणेही याला अपवाद नव्हते. १८५५ सालच्या ज्या प्रसिद्ध वर्गवारीचा आज मंत्रासारखा जप होतो, ती याच काळातली. शॅम्पेनचे तर सांगूच नये : बाटली बंद करण्यापूर्वी तिच्यात साखर आणि वाइन यांचे मिश्रण घालतात, आजही.

१४/ आणि त्याच इंग्रजांच्या घरांत काय चालले होते? १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या मिसेस बीटनच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात 'नीगस'ची कृती आहे : पोर्ट वाइन, तिच्या दुप्पट उकळते पाणी, साखर, लिंबू, जायफळ. हे पेय बहुधा मुलांच्या मेजवान्यांत पितात, तेव्हा वाइन फार जुनी किंवा महाग नसली तरी चालेल, अशी टीपही आहे. मुलांच्या मेजवान्यांत! (हा भाग अनुकरणासाठी नाही, हे वेगळे सांगायला नको.)

१५/ मग सोवळे आले कोठून? १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळे खाल्ली. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती २ कोटी ३० लाखांच्या आसपास आली. तहान मात्र तेवढीच. मग बाजारात मनुके भिजवून केलेली वाइन आली, चोथ्यावर साखरपाणी ओतून केलेली आली, रंग घातलेली आली. सगळ्यांवर नाव एकच : वाइन.

१६/ म्हणून १४ ऑगस्ट १८८९ रोजी फ्रान्सने कायदा केला. ताज्या द्राक्षांच्या किण्वनातून झालेल्या पेयाखेरीज इतर काहीही 'वाइन' या नावाने विकता येणार नाही. 'विकता' हा शब्द नीट लक्षात ठेवा. तरीही साखरेची वाइन थांबली नाही आणि भाव कोसळले. १९०७ साली लांगडॉकचे शेतकरी उठले. मार्सेलिन आल्बेर नावाचा आर्जेलिए गावचा एक सामान्य द्राक्षउत्पादक त्यांचा नेता झाला. ९ जूनला मोंपेलिएत लाखो लोक जमले. नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. लोकांवर चाल करायला नको म्हणून सतराव्या पलटणीच्या सैनिकांनी बंड केले. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारला वाइनमधील साखरेवर आणि पाण्यावर नियंत्रण आणणारा कायदा करावा लागला. १९३५ साली नामांकित प्रदेशांची नियंत्रण व्यवस्था आली.

१७/ 'शुद्ध वाइन' हे रक्ताने कमावलेले शब्द आहेत आणि मी त्यांची थट्टा करणार नाही. हा लढा शेतकऱ्याचा होता आणि योग्य होता. परंतु तो कोणाविरुद्ध होता? पिंपात गुपचूप काही ओतून 'वाइन' म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याविरुद्ध. आपल्या घरी, आपल्या पेल्यात, सर्वांदेखत बर्फ टाकणाऱ्याविरुद्ध नव्हे.

१८/ मराठीने हा भेद किती नेमका जपला आहे पाहा. आपल्याकडे दोन शब्द आहेत : भेसळ आणि मिसळ. भेसळ विकणारा करतो आणि लपवतो. मिसळ आपण मागून खातो, वर शेव आणि कांदाही आपणच टाकतो. वाइनची राजधानी म्हणवणारे नाशिक मिसळीसाठीही तेवढेच प्रसिद्ध आहे. तिथल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. आपल्या जाणकाराने नेमका येथेच घोटाळा केला : भेसळीविरुद्धचा कायदा उचलला आणि मिसळीवर लावला.

१९/ भेसळ खरोखर जीव घेते. १६९६ साली उल्म शहराचा वैद्य एबरहार्ड गोकेल याने शोधून काढले, की मठातल्या साधूंच्या पोटातील असह्य कळांमागे वाइन गोड करण्यासाठी घातलेला शिशाचा क्षार आहे. व्हुर्टेम्बर्गच्या ड्यूकने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. १९८५ साली ऑस्ट्रियात वाइन दाट आणि गोड भासावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातल्याचे उघड झाले. १९८६ साली इटलीत मिथेनॉल घातलेल्या वाइनने वीसहून अधिक माणसे गेली. या तिन्ही प्रकरणांत फसगत झालेल्यांच्या हातातली वाइन 'निर्भेळ' म्हणूनच दिलेली होती. त्यांनी त्यात काहीही मिसळले नव्हते.

२०/ खुद्द युरोपचा कायदाही आपल्या जाणकाराइतका कर्मठ नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत सुगंधित वाइनपेयांचा स्वतंत्र वर्ग आहे. व्हर्मुथमध्ये किमान पंचाहत्तर टक्के वाइन असावी लागते. 'सांग्रिया' हे नाव एकट्याने फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये तयार झालेल्या पेयालाच लावता येते. फळे घातलेल्या वाइनच्या नावाचे रक्षण दोन देश कायद्याने करून घेतात, आणि आपण त्याच पेयाची लाज वाटून घ्यायची! बर्गंडीसारख्या वाइनच्या माहेरघरी, दिजों शहराचा महापौर फेलिक्स किर, १९४५ ते १९६८ पदावर असलेला धर्मगुरू, पाहुण्यांचे स्वागत पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या मनुकीसारख्या फळाचे, कासिसचे, मद्य घालून करी. ते पेय आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

२१/ एक आक्षेप मात्र सरळ मान्य करायला हवा. जुने आहे म्हणून चांगले, असे होत नाही. रोमन लोक वाइन गोड करण्यासाठी शिशाच्या भांड्यांत रसही आटवत. मी परंपरेचा दाखला देतो आहे तो परंपरेच्या नावाने कोणी दटावतो म्हणून. त्याने 'मला आवडत नाही' एवढेच म्हटले असते, तर हा थ्रेड लिहायची गरज नव्हती. पण आपली आवड दोन हजार वर्षांच्या खांद्यावर चढवून समोरच्याला खाली बसवणे ही खोड पेल्यापुरती राहत नाही. पोशाख, भाषा, सण, अन्न : ज्या ज्या ठिकाणी कोणी 'पूर्वापार असेच' म्हणतो, तेथे तेथे बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा कायदा, एखादी जाहिरात किंवा एखादा वर्ग दडलेला असतो.

२२/ आणि या सोवळ्याचा भार पडतो कोणावर? घरात पहिल्यांदाच वाइनची बाटली आणणाऱ्या मुलामुलींवर. तिचा तुरट-आंबट घोट आवडला नाही, तर दोष आपल्याच जिभेचा असे त्यांना वाटते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षउत्पादकालाही याचा उपयोग नाही. साध्या, रोजच्या वाइनला साधी, रोजची वाट हवी असते. न पिणाऱ्यांनी प्यावे असे मी सुचवत नाही. वाइन हे मद्यच आहे, आणि कायद्याने ठरवलेल्या वयाच्या आतल्यांनी हा थ्रेड इतिहास म्हणूनच वाचावा.

२३/ जाणकाराच्या बाजूची एक गोष्ट खरी आहे. वर्षानुवर्षे मुरलेली, महागडी वाइन मिसळू नये. कारण पावित्र्याचे नाही, व्यवहाराचे आहे : तिच्यातले नाजूक गंध साखरेत आणि लिंबात बुडून जातात, आणि त्या गंधांचेच तर पैसे मोजलेले असतात. तसेच आंबून शिरक्यासारखी झालेली बाटली फळांनी सुधारत नाही. मिश्रणासाठी हवी ती साधी, तरुण, धड वाइन. लाल घ्यायची तर कमी तुरट घ्या. थंड केल्यावर तुरटपणा अधिक जाणवतो.

२४/ बीटनबाईंचा 'क्लॅरेट कप' घरी सहज होतो. लाल वाइनची एक बाटली, तेवढाच सोडा, चार मोठे चमचे पिठीसाखर, पाव लहान चमचा किसलेले जायफळ आणि साधारण पाव किलो बर्फ. त्या यात माराश्चिनो नावाचे चेरीचे मद्य एक लहान पेला घालतात. ते नसले तरी अडत नाही. बोरेज नावाच्या पाल्याची डहाळीही घालतात. त्याला काकडीचा वास असतो, म्हणून आपण काकडीच्या चकत्या घालाव्यात. साखर आधी वाइनमध्ये पूर्ण विरघळवा, सोडा अगदी शेवटी ओता आणि नंतर फार ढवळू नका, नाहीतर बुडबुडे निघून जातात.

२५/ पांढऱ्या वाइनसाठी माझी सूचना : नाशिकची थंडगार शेनिन ब्लां तीन भाग, सोडा दोन भाग, आणि प्रत्येक पेल्यात दोन लहान चमचे कोकम सरबताचा गोड अर्क. आगळ वापरू नका, त्यात मीठ असते. हिवाळ्यात लाल वाइन दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि गूळ घालून गरम करा. वाफ दिसू लागली की उतरवा, उकळू देऊ नका. मिरीचे दोन दाणे टाकायला विसरू नका. ती रोमला आपणच पाठवली होती.